सहा एमएमचं भोक

चतुर्थीला आठ दिवस उरले होते. मुंबईचे चाकरमानी येतील तेव्हा आजोबांचा फोटो यंदाही कपाटाला टेकलेला दिसता कामा नये, असं बायकोने बजावलं. या दिवसांत आमच्या गावात सुतार मिळणं म्हणजे पालकमंत्री भेटण्याइतकंच सोपं. सगळे गणपतीवर टांगायच्या माटव्या आणि मखरांत अडकलेले. म्हणून मी म्हणालो, "त्यात काय? आपलं ड्रिल आहे ना!"

बायको काही बोलली नाही. हे लक्षण चांगलं नसतं.

ड्रिल तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं, खरं तर सोबत तेरा बिटं फुकट होती म्हणून. पेटी उघडली तर तेराही एकमेकांना धरून बसलेली. समुद्र आमच्या घरापासून हाकेवर. हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीत लोखंड गुपचूप गंजत जातं. मालवणकडे लोखंडाची वस्तू विकत घेता येते, राखता येत नाही. खोबरेल चोपडून बिटं सोडवली, पण सहाचं कोणतं आणि आठचं कोणतं सांगणारे आकडे गंजाने खाल्ले होते. अंदाजाने एक उचललं.

आता बिट धरणारा चक आवळायची चावी. जाणते वायरमन ती ड्रिलच्या वायरलाच चिकटपट्टीने बांधून ठेवतात. मी जाणता नाही. तासभर घर उलथंपालथं केल्यावर ती आईच्या पानाच्या डब्यात मिळाली. चुना काढायला बरी पडते म्हणे.

खरी परीक्षा भिंतीची. आमचं घर चिऱ्याचं. हा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणजे जावयाच्या उलट. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या गोऱ्याने याला 'लॅटेराइट' म्हटलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून. त्याने भोक पाडून पाहिलं नसावं. वीट निदान सगळीकडे सारखी तरी असते. चिऱ्यात एका ठिकाणी लोखंडासारखी गाठ आणि तिला लागून मातीने भरलेलं बीळ. त्याचा तांबडा रंगही लोखंडाच्या गंजाचाच. भिंत गंजलेली, बिट गंजलेलं. दोघांचं जमायला हरकत नव्हती.

जमलं नाही. बिट गाठीवरून घसरलं आणि शेजारच्या बिळात घुसलं. ठोके देणारं हॅमरचं बटण चालू ठेवलं, ही माझी दुसरी चूक. सहा एमएमच्या जागी अंगठा जाईल एवढं भगदाड पडलं आणि तांबडा धुरळा थेट आजोबांच्या फेट्यावर बसला. त्यात स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग घातला तर तो विहिरीत पोहरा सोडावा तसा आत गेला.

"भिंत पाडतलंस काय रे?" आतून आई.

मी चार बोटं सरकून दुसरं भोक घेतलं. बिट या वेळी सरळ गेलं, चांगलं तीन इंच. आणि तेवढ्यात लाईट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे माडाचं झाप तारेवर पडायला मुहूर्त लागत नाही. ड्रिल भिंतीत रुतलेलं. रिव्हर्सला टाकावं तर वीज नाही, ओढावं तर हलत नाही. चक हाताने फिरवून पाहिला, तर माझंच मनगट फिरलं. शेवटी नाद सोडून पडवीत जाऊन बसलो.

संध्याकाळी शेजारचे आबा भिजत आले. काळोखात इकडेतिकडे चाचपून त्यांनी आपली छत्री ड्रिलवर टांगली आणि चहाला बसले. मी ओरडून ड्रिलच्या वायरचा प्लग काढायला धावलो.

आबा दचकले नाहीत. छत्रीचं पाणी आजोबांच्या फोटोवर ठिबकत होतं, फेट्यावरची धूळ धुतली जात होती.

"बरी घट्ट बसली हा खुंटी," आबा म्हणाले. "कोणी मारली?"

आई आतून चहा घेऊन आली. तिने छत्री पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता तशीच ऱ्हवांदे ती," ती म्हणाली.