लांडगा आला रे आला, दर चार वर्षांनी

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची शर्यत जरा चुरशीची झाली, की टीव्हीवरच्या विश्लेषकांना उकळ्या फुटतात. ‘यंदा कोणालाच पक्षाच्या प्रतिनिधींचं बहुमत नाही! फैसला थेट पक्षाच्या अधिवेशनात!’ अरे, किती वेळा?

२००८मध्ये ओबामा-हिलरी चालले होते तेव्हा हेच. २०१६ला तर कहर. रिपब्लिकनांच्या उमेदवारीला लागणारा १,२३७ प्रतिनिधींचा आकडा ट्रम्प गाठणार की नाही, यावर महिनोन्महिने रंगीत नकाशे. मे महिन्यात इंडियाना जिंकलं, प्रतिस्पर्धी क्रूझ बाहेर, खेळ खल्लास. २०२०मध्ये सँडर्स-बायडनवरून पुन्हा तीच कॅसेट. २०२४ला बायडननी माघार घेतल्यावर म्हटलं, आता तरी! तर हॅरिसबाईंची उमेदवारी शिकागोचं अधिवेशन भरायच्या आधीच ऑनलाइन मतदानाने पक्की. तिथे उरले फक्त फुगे.

अधिवेशनात मतदानाच्या एकाहून जास्त फेऱ्या लागल्या त्या शेवटच्या १९५२मध्ये. डेमोक्रॅट्सचे स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत ठरले. त्यानंतर १९७६ला रिपब्लिकनांचं फोर्ड-रेगन अगदी नाकाशी आलं होतं, तेही पहिल्याच फेरीत आटोपलं. पण या मंडळींचा संसार मात्र अजून १९२४च्या न्यूयॉर्कवर चाललाय. तेव्हा डेमोक्रॅट्सनी १०३ फेऱ्या घेतल्या होत्या. एकशे तीन! दोन दावेदार, मॅकअडू हटेना, स्मिथ हटेना, शेवटी तिसऱ्याच डेव्हिसच्या गळ्यात माळ. तोही पुढे निवडणुकीत रिपब्लिकन कूलिजकडून सपाटून हरला, हे मात्र कोणी सांगत नाही.

बाजारात तुरी, आणि हे लागले फोडणीला. आणि मी? मी दर वेळी रात्री जागून बघतो.