उजनीचं पाणी, कोळशाची वीज आणि पूर्वभागातली रिकामी छपरं

सोलापूरकराला उजनीची टक्केवारी विचारा, तोंडपाठ असते. धरण प्लसमध्ये किती, मायनसमध्ये किती, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही चालू असतं. (मायनस म्हणजे वापरायचा साठा संपून तळातल्या मृतसाठ्याला हात लागलेला.) २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं, तेव्हा घराघरात बॅरल, घागरी, असेल ते भरून ठेवलं होतं. या सगळ्या चर्चेत विजेचं नाव मात्र कुणी काढत नाही. माझ्या मते आपल्याकडे विजेचा प्रश्न हा आधी पाण्याचाच प्रश्न आहे.

सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा कोळशावरचा वीजप्रकल्प घ्या. ६६० मेगावॉटचे दोन संच, पहिला २०१७ साली सुरू झाला, दुसरा २०१९ साली. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि ती वाफ थंड करायला पुन्हा पाणी. कूलिंग टॉवरमधून वर जाताना दिसतो तो धूर नव्हे, ते हवेत उडून जाणारं पाणी आहे. नव्या औष्णिक प्रकल्पांना युनिटमागे ३ लिटरची मर्यादा घातलेली आहे. आता हिशोब करा: दोन्ही संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला तीन कोटींहून जास्त युनिटं, म्हणजे या मर्यादेतही साधारण साडेनऊ कोटी लिटर पाणी. संच रोज तेवढे चालत नाहीत, हे खरं. पण वीज अनेक राज्यांत वाटली जाते आणि पाणी एकट्या उजनीतून जातं. इकडे आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी.

त्यात धरण मायनसमध्ये गेलं की दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसणं, करावं लागतं. म्हणजे पाण्यासाठी जादा वीज, आणि त्या विजेसाठी पुन्हा कुठल्या तरी धरणाचं पाणी!

कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख निघते ती वेगळीच. तिच्यातली बरीच सिमेंटला आणि विटांना जाते, हे चांगलं आहे. प्रकल्प बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री आपल्या घरातले पंखे कोळशाच्याच जिवावर फिरतात. दिवसाचं काय, एवढंच विचारतो.

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पूर्वभागातल्या, म्हणजे शहराच्या यंत्रमागांच्या वस्तीतल्या, एखाद्या कारखान्यात जाऊन उभं राहा. वर पत्रा तापलेला, पारा ४२-४३ वर, हवेत कापसाचे तंतू, टॉवेलचे माग खडाखडा चालू, आणि आत ट्यूबलाइटी लावलेल्या. ऊन सगळ्यात जास्त असतं त्याच वेळी माग जोरात चालतात. सौर विजेला याहून सोयीचं गिऱ्हाईक दुसरं कुठलं? एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटं सहज देतं.

मग छपरं रिकामी का? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरांसाठी. यंत्रमागासाठी केंद्राच्या २०१७च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत सौरऊर्जेचा वेगळा भाग होता. तरी शेडवर पॅनेल शोधावं लागतं. खरी अडचण अशी की कित्येक शेड भाड्याची. मालक म्हणतो बिल तुझं, भाडेकरू म्हणतो छप्पर तुमचं. त्यात जुने सिमेंटचे पत्रे, त्यावर वजन पेलणार नाही. अनुदानात छप्पर बदलायचा खर्च धरल्याशिवाय छोटा कारखानदार या वाटेला जाणारच नाही.

सौर म्हटलं की सगळं चांगलंच, असंही नाही. सौर कृषिपंपाला बिल येत नाही, म्हणून बोअर दिवसभर चालू ठेवायचा मोह होतो, तोही उसासाठी. बगॅसच्या, म्हणजे साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून केलेल्या, विजेला हरित म्हणतात, पण त्या उसाने किती पाणी प्यालं ते कोण मोजतं? सौरपंपाबरोबर ठिबक सक्तीचं करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि महापालिकेने सुरुवात पाकणी आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांपासून करावी. तिथले पंप दिवसा किती युनिटं खातात आणि त्यातली किती तिथल्याच जागेवर तयार होऊ शकतात, हा आकडा नगरसेवकांनी सभागृहात मागावा. आपण तो त्यांच्याकडे मागू.