चांदणी चौकापलीकडचे गावकरी

पुण्याला कंटाळलेल्या सुजाण गृहस्थाने आता भूगावात किंवा त्याही पुढे भुकूम-पिरंगुटच्या बाजूला घर घ्यावे. घेताना माहितीपत्रकातील 'चांदणी चौकापासून दहा मिनिटे' या वाक्यावर पूर्ण श्रद्धा ठेवावी. ती दहा मिनिटे पहाटे तीन वाजता मोजली होती का, असे विचारणे असभ्यपणाचे ठरते. चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला, तरी न पडलेला भाग पोकलेन लावून पाडावा लागला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले. परिणामी पूर्वी चौकात लागणारी कोंडी आता आपल्याला घराच्या अधिक जवळ, गावातल्या अरुंद रस्त्यावर मिळते.

संकुलाचे नाव इटालियन असावे. त्याखालचे 'भूगाव, तालुका मुळशी' हे कुरिअरवाल्यापुरते लिहावे, कचेरीत 'बावधनच्या जरा पुढे' म्हणावे आणि परदेशातल्या मित्रांना मात्र 'आम्ही आता गावात राहतो' असे, किंचित थांबून, सांगावे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही माहिती पाहुण्यांना आवर्जून द्यावी. ज्या खाचरात भात होत असे तिथे आता आपला पोहण्याचा तलाव आहे, हे त्यांना जेवणानंतर आपोआप दिसेलच.

तलावावरून आठवले. उन्हाळ्यात टँकर आले की त्रागा करू नये. या तालुक्यात पाण्याचा प्रश्न जुना आहे. टाटांच्या मुळशी धरणासाठी गावे बुडणार म्हणून १९२१ मध्ये इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तरीही धरण झाले आणि त्याचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करू लागले. आपण निदान टँकरचे बिल मेंटेनन्समधून भरतो, एवढे समाधान मानून मोटार पाइप लावून धुवावी.

गावाशी संबंध प्रेमाचा असावा, पण प्रवेशद्वारातून असावा. दूध घालायला तात्या येतात. रखवालदाराची केबिन आहे तिथे पूर्वी त्यांचा गोठा होता आणि त्या सातबाऱ्यावर त्यांच्या आजोबांचे नाव होते. तरीही शिस्त ती शिस्त. महिन्यापूर्वी कामाला लागलेल्या रखवालदाराने त्यांना नाव, काम आणि फ्लॅट क्रमांक विचारावा, आपण मीटिंगमध्ये असल्यामुळे अ‍ॅपवरची परवानगी दहा मिनिटे लांबावी आणि तोवर त्यांनी किटली घेऊन उन्हात उभे राहावे. 'इथं माझी चिंच होती,' असे ते म्हणाले, तर चिंच कोणत्या विंगमध्ये राहते तेही नोंदवहीत लिहून घ्यावे. संध्याकाळी दिवाणखान्यात त्यांच्या मुलाला 'गुंठामंत्री' म्हणून हसावे. ज्याने जमीन विकून पैसा मोकळा केला तो उधळ्या, आणि तीच जमीन चौरस फुटांनी विकत घेऊन वीस वर्षांच्या हप्त्यांत अडकलेले आपण गुंतवणूकदार.

याच भूगावात २०१७ ची महाराष्ट्र केसरी झाली, हे अभिमानाने सांगावे, मात्र यात्रेचा आखाडा आपल्या खिडकीतून ऐकू येता कामा नये. पहाटेचा काकडा आणि सप्ताहाचे कीर्तन हे ध्वनिप्रदूषण असून त्याची तक्रार ११२ वर करावी. क्लबहाउसमधला थर्टी फर्स्टचा डीजे ही सामाजिक एकोप्याची बाब आहे, ती वेगळी.

मतदारयादीतले नाव कोथरूडमध्येच राहू द्यावे आणि ग्रामसभेला कधी जाऊ नये. घंटागाडी उशिरा आली, तर सरपंचांना रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र पाठवले की नागरिक म्हणून कर्तव्य संपते. २०२१ मध्ये बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगेसह तेवीस गावे महापालिकेत गेली, तेव्हा आपले गाव मागे राहिले म्हणून हळहळावे आणि तिकडची घरपट्टी कळली की ग्रामपंचायतीच्या स्वायत्ततेवर चार वाक्ये बोलावीत.

दोन-तीन वर्षांत समोरच्या शिल्लक खाचरात पत्रे ठोकले जातील आणि टेकडी झाकणाऱ्या पंचवीस मजल्यांचा फलक लागेल. त्या दिवशी मात्र गप्प बसू नये. बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांमुळे 'आमच्या गावाची' ओळख पुसली जात आहे, असे कडक निवेदन इंग्रजीत तयार करावे, सोसायटीत सह्या घ्याव्यात आणि खाली स्थानिक म्हणूनही एक सही हवी म्हणून सकाळी दूध आले की तात्यांना वर बोलवावे. परवानगी अ‍ॅपवर लगेच द्यावी.