रेडिओचं लायसन्स

श्टुटगार्टमधल्या माझ्या बँक खात्यातून दर तीन महिन्यांनी ५५ युरो ८ सेंट जातात, म्हणजे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ लावा वा लावू नका, जर्मनीत सार्वजनिक प्रसारणासाठी घरटी ही वर्गणी भरावीच लागते. इथे आलो तेव्हा पहिलं पत्र हातात पडलं आणि मी चिडलो होतो. जे मी बघत नाही, ज्याची भाषा मला धड कळत नाही, त्याचे पैसे मी का भरायचे?

तो राग आता उरलेला नाही. का उरला नाही, ते सांगावंसं वाटतं, कारण गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तोच जुना वाद पुन्हा पेटला. धाकटा भाऊ म्हणाला, दूरदर्शन आणि आकाशवाणी एकदाचे विकून टाका. आपल्या करातून सरकारचा उदोउदो कशाला? आत्याला ते लागलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्यांशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. आणि मामांनी नेहमीसारखा निकाल दिला, ‘सरकार पैसे देतं, मग सरकारचीच री ओढणार. सगळ्या जगात हेच चालतं.’

सगळ्या जगात हे चालत नाही. मामांशी मला वाद घालायचा आहे तो एवढ्यावरच.

जर्मनीत हिटलरच्या काळात रेडिओ हे सरकारचं हत्यार होतं. युद्धानंतर नवी व्यवस्था उभारताना ती आठवण ताजी होती. तरीही १९६० च्या आसपास चॅन्सलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, आडेनाउअर यांनी केंद्र सरकारच्या हातातली वाहिनी काढायचा घाट घातलाच. १९६१ मध्ये घटना न्यायालयाने तो मोडून काढला: प्रसारण सरकारच्या किंवा समाजातल्या कुठल्या एका गटाच्या ताब्यात देता येणार नाही. म्हणजे इथले राजकारणी काही जात्याच सज्जन नाहीत. त्यांचा हातही पुढे येतो. तो अडवणारं कोणीतरी बसवून ठेवलं आहे, एवढाच फरक.

२००९ मध्ये झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांची मुदत वाढवू नये, असा निर्णय तिच्या प्रशासकीय मंडळात झाला. मंडळात पक्षांची माणसं बसलेली होती आणि मुदतवाढीच्या विरोधाचं नेतृत्व एका राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे होतं. देशभर ओरड झाली, दोन राज्यं घटना न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये निकाल लागला: वाहिनीच्या देखरेख मंडळांवर सरकारची आणि राजकारणातली माणसं एक तृतीयांशाहून जास्त नकोत. बाकीच्या जागा चर्च, कामगार संघटना, क्रीडा संघटना अशांच्या. ब्रेंडर यांची खुर्ची परत मिळाली नाही, पण पुढच्या संपादकासाठी नियम बदलला.

पैशांचंही तसंच. वर्गणी किती, हे मंत्री ठरवत नाही. प्रत्येक राज्याचा एक असे सोळा तज्ज्ञ हिशोब तपासून आकडा सुचवतात आणि राज्यांच्या विधानसभा त्यावर मोहोर उठवतात. जानेवारी २०२१ पासून वर्गणी ८६ सेंटनी वाढायची होती. २०२० च्या अखेरीस झाक्सेन-आनहाल्ट या एकाच राज्याने ती अडवली. पुढच्या वर्षी घटना न्यायालयाने सांगितलं की एका राज्याला असं एकट्याने अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. माझ्या खात्यातून जाणारे १८.३६ तिथून आले. ८६ सेंटसाठी देशातलं सर्वोच्च न्यायपीठ बसतं, हे वाचलं त्या दिवशी मला त्या वर्गणीचा अर्थ लागला. पैशाची दोरी हातात आली की बातमीची दोरी आपोआप हातात येते, हे या लोकांना ठाऊक आहे.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये बर्लिनच्या प्रसारण संस्थेच्या प्रमुखांना उधळपट्टीच्या आरोपांवरून जावं लागलं. बातम्या डावीकडे झुकतात, असं माझे काही शेजारी ठामपणे सांगतात, आणि ते सगळे काही वेडे नाहीत. पण ते तक्रार करतात ती वर्गणीदार म्हणून. आपल्याकडे गणपतीची वर्गणी देणारा माणूस मंडळाला हिशोब विचारतो ना, तसं.

आणि भावाचा उपाय, सरकारी पैसाच बंद करा? तो अमेरिकेने २०२५ मध्ये करून पाहिला. पक्षपाताचा आरोप ठेवून तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. ज्यांच्यावर रोख होता त्यांतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेला थेट केंद्र सरकारकडून मिळणारी रक्कम तिच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास होती. खरा फटका खेड्यापाड्यांतल्या छोट्या प्रसारण केंद्रांना बसला.

आता आपलं घर. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. मधल्या काळात, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं. कायदाही वाईट नाही. कलम १३ मध्ये बावीस खासदारांची देखरेख समिती आहे आणि कलम १४ मध्ये लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. कागदाबाहेर उरलं ते मंत्रालय आणि त्याचं अनुदान.

मग जे व्हायचं ते होतं, राज्य कोणाचंही असो. आणीबाणीत आकाशवाणीवर विश्वास उरला नव्हता म्हणून लोक बीबीसी लावत. राजीव गांधींच्या काळात विरोधक दूरदर्शनला ‘राजीव दर्शन’ म्हणत. २०१४ च्या निवडणुकीत, काँग्रेस सत्तेत असताना, नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला भाग दूरदर्शनने कापला म्हणून वादळ उठलं. त्याच वर्षी दसऱ्याला, भाजप सत्तेत आल्यावर, सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला, अशी त्यांची तक्रार होती. आपापल्या पाळीला प्रत्येक जण ओरडला आणि सत्तेत आल्यावर गप्प बसला. रेडिओवर तर दुसरा आवाजच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकवता येतात. म्हणून विकून टाका म्हणणाऱ्या भावाला मी सांगतो, आत्याच्या हातात मग उरेल काय?

वडिलांच्या कपाटात एक छोटं पुस्तक अजून आहे, रेडिओच्या लायसन्सचं. दरवर्षी पोस्टात जाऊन ते पैसे भरून यायचे. ऐंशीच्या दशकात सरकारने हे लायसन्स रद्द केलं तेव्हा घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. मलाही. आज वाटतं, त्या दिवशी ऐकणाऱ्याचं नाव वहीतून गेलं आणि देणारा म्हणून एकटं सरकार उरलं. ते पुस्तक असताना आकाशवाणी स्वतंत्र होती असं नाही, कारण पैसे जायचे सरकारच्याच गल्ल्यात. पण श्रोता निदान वर्गणीदार होता.

परवा भावाला फोनवर विचारलं, महिन्याला घरटी पंधरा-वीस रुपये भरशील का, मंत्रालयाला नाही, खासदारांच्या समितीला आणि तुला हिशोब देणाऱ्या संस्थेला? तो म्हणाला, आधी विरोधकांच्या सभा दाखवू दे, मग बघू. मी त्याला कलम १३ आणि १४ चं पान पाठवलं. त्याने ते कधी वाचलं नव्हतं. मीही इथे येईपर्यंत वाचलं नव्हतं. रात्री उशिरा त्याचा निरोप आला: पुढच्या आठवड्यात खासदार तालुक्याला येणार आहेत, विचारतो.