उजवीकडच्याला आधी जाऊ द्या

नवरा कॉलेजपासून पुण्यात गाडी चालवत होता. गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला गाडी घालून ओरखडा न पडता बाहेर काढणारा माणूस. जर्मनीत या कर्तृत्वाची किंमत शून्य. इथे राहायला आलात की भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. मग डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा, सगळं पहिल्यापासून. लेखीला तीस प्रश्न. त्यातले पाच-पाच गुणांचे दोन चुकले की पुन्हा या. त्यातून सुटला की मानेची पाळी. लेन बदलताना नुसतं आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघावंच लागतं, आणि परीक्षकाचं लक्ष सगळं त्या मानेवर. तेव्हापासून नवऱ्याची मान जी वळायला लागली, ती आता सुपरमार्केटात ट्रॉली वळवतानाही वळते.

असा पूर्ण सुधारलेला माणूस ड्रायव्हिंगला, शेजारी मी आणि मागे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या सासूबाई, असे आम्ही म्युनिकहून इटलीला निघालो.

ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवर, कितीही हाणा, असा आपल्याकडे समज आहे. बऱ्याच पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही हे खरं. ताशी १३० किलोमीटर हा १९७८ पासून नुसता सल्ला आहे. पण या मोकळीकीला चहूबाजूंनी कुंपण घातलंय. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. डाव्या लेनमध्ये रेंगाळायचं नाही. विनाकारण थांबायचं नाही, आणि पेट्रोल संपणं हे कारणात धरत नाहीत.

"पेट्रोल काय कुणी मुद्दाम संपवतं का?" सासूबाईंनी विचारलं. मग पुढे वाकून काटा बघितला आणि ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर घाटापर्यंत दर थोड्या वेळाने बघत राहिल्या.

होल्झकिर्शनच्या पुढे ट्रॅफिक तुंबला. गाड्यांचा वेग कमी होताच डाव्या लेनमधले सगळे आणखी डावीकडे सरकले, बाकीचे उजवीकडे, आणि मधोमध ॲम्ब्युलन्ससाठी सरळ वाट तयार झाली. ॲम्ब्युलन्सचा अजून पत्ताही नव्हता. ही वाट केली नाही तर २०० युरो दंड, लायसन्सच्या खात्यावर गुन्ह्याचे दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन्स जप्त. आठ पॉइंट झाले की लायसन्सच जातं. सासूबाई बराच वेळ त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत होत्या. "आणि यातनं कुणीच गाडी काढत नाही?" त्यांना नवल वाटण्यापेक्षा जागा वाया गेल्याची हळहळ जास्त होती.

मध्ये ऑस्ट्रिया. तिथे हायवेचं स्टिकर घ्यायचं, ब्रेनरचा टोल वेगळा भरायचा आणि गप्प पुढे जायचं.

इटलीत शिरल्यावर बोल्झानोपर्यंत पाट्या जर्मनमध्येही असतात, त्यामुळे नवऱ्याला धीर होता. पुढे तो सुटला. कागदावर पाहाल तर इटली जास्त कडक: हायवेला १३० म्हणजे १३०, पावसात ११०, गावाबाहेर भर दुपारीही हेडलाइट लावायचे. प्रत्यक्षात आम्ही १३० ने ओव्हरटेक करत होतो आणि मागे एक गाडी इतकी चिकटून होती की आरशात तिच्या मालकाच्या मिशा दिसत होत्या. त्याने डिपर मारला. नवऱ्याने आधी मान वळवली, मग इंडिकेटर दिला, मग पुन्हा मान वळवली. एवढ्यात तो आणखी दोनदा डिपर मारून मोकळा झाला.

पण खरा घोळ झाला तो व्हेरोनातल्या एका चौकात. सिग्नल किंवा पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम दोन्ही देशांत एकच आहे. म्युनिकला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच चौक आहे. तिथे चार बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या की पंचाईत होते, कारण प्रत्येकाच्या उजव्या हाताला कुणीतरी असतंच, म्हणजे नियमाने कुणीच हलायचं नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. चौघंही गंभीर चेहऱ्याने स्टिअरिंग धरून बसलेले. शेवटी एका बाईंनी हाताने खूण करून आपला हक्क सोडला, बाकीच्यांनी माना लववल्या, आणि दोन राष्ट्रांत तह व्हावा तशी ती कोंडी सुटली.

व्हेरोनात नवरा तसाच थांबला. उजवीकडून स्कूटर आली, गेली. तिच्यामागून फियाट, तीही उजवीकडूनच. मग डावीकडच्या व्हॅनवाल्याने पाहिलं की हा काही निघत नाही, तो निघाला. त्याच्या आडोशाने समोरच्यानेही वळून घेतलं. मागून हॉर्न सुरू झाले. (गावात विनाकारण हॉर्न वाजवायला इटलीतही बंदी आहे. कारण मात्र प्रत्येकाकडे असतं.)

"अरे, घाल ना पुढे!" सासूबाई मागून म्हणाल्या. "तो बघ, तुझ्याकडे बघतोय. बघतोय म्हणजे थांबणार. टिळक रोडला काय करायचास?"

एवढ्या एका वाक्यात त्यांनी इटलीचा वाहतूक कायदा उलगडून दाखवला. जर्मन माणूस पाटीकडे बघतो, समोरच्या गाडीत कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इटालियन आधी डोळ्यांत बघतो आणि नियमाचं काय करायचं ते मग ठरवतो. नवऱ्याने ही विद्या फी भरून विसरली होती.

संध्याकाळी ॲरेनाकडे, म्हणजे तिथल्या जुन्या रोमन प्रेक्षागृहाकडे, जाताना झेब्रा क्रॉसिंगवर आम्ही दोघं जर्मन पद्धतीने कडेला उभे राहिलो, गाड्या आपोआप थांबतील म्हणून. एकही थांबली नाही. सासूबाईंनी पर्स काखेत मारली, तळहात आडवा धरला आणि गाड्यांकडे न बघता चालायला लागल्या. दोन्हीकडचा ट्रॅफिक जागच्या जागी थांबला. एका टॅक्सीवाल्याने पाची बोटं जुळवून हात हलवत काहीतरी विचारलं. सासूबाईंनी त्याला तस्साच हात करून दाखवला आणि तो हसला. जर्मनीत रस्त्यावर अपमानकारक हातवारे केले तर फौजदारी कलम लागतं, म्हणून तिथे सगळा राग भुवयांवर भागवतात.

फ्लॉरेन्सचा जुना भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. वेशीवर कॅमेरे, आणि परदेशी गाडीला दंडाचं पत्र ३६० दिवसांपर्यंत येऊ शकतं. नवऱ्याने गावात शिरण्याचा धोकाच पत्करला नाही. हायवेलाच लागून व्हिला कोस्तान्झा नावाचा पार्किंग तळ आहे, तिथे गाडी लावून आम्ही ट्रामने गेलो. तरी घरी आल्यावर तो रोज पत्रपेटी उघडून बघायचा.

सासूबाई पुण्याला परतल्यानंतर खरंच पत्र आलं, पण आमच्याच जिल्ह्यातून. ताशी तीसची मर्यादा असलेल्या गल्लीत ३७ मोजले, यंत्राच्या चुकीपोटी ३ वजा केले, उरले ३४, दंड ३० युरो. तारीख इटलीहून आल्यानंतरच्या आठवड्यातली. सोबत फोटो: नवरा पाची बोटं जुळवून समोरच्या कुणालातरी काहीतरी विचारतोय. शेजारच्या सीटवर, बसलेल्याची ओळख झाकायला, नियमाप्रमाणे काळा चौकोन. त्या दिवशी गुडघे दुखत होते म्हणून सासूबाई पुढे बसल्या होत्या.

फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच फोन आला. "अरे, त्या काळ्या चौकोनात मीच ना? नवी साडी होती ती. तीस युरो भरतोयस ना? मग त्यांच्याकडून नीट फोटो मागून घे."