शेवटच्या बिटमधला मजकूर

पिक्सेलच्या (चित्रातील एका ठिपक्याच्या) रंगमूल्यातील शेवटचा बिट, म्हणजे ते मूल्य ० आणि १ मध्ये लिहिल्यावर येणारा शेवटचा अंक, बदलून चित्रात दडवलेला मजकूर कोणालाच सापडत नाही, हे एका लेखातील विधान घाईचे वाटते. लाल रंगाचे मूल्य २०० वरून २०१ झाले तर डोळ्यांना कळत नाही, हे खरे. परंतु चित्रात मजकूर जितका जास्त भरावा तितकी २००-२०१ सारख्या, फक्त शेवटच्या बिटमध्ये वेगळ्या असलेल्या जोडीतील दोन्ही मूल्यांच्या पिक्सेलची संख्या सारखी होत जाते आणि सांख्यिकी चाचणीत लबाडी उघडी पडते. शिवाय तेच चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवले, तर नव्या जेपेग कॉम्प्रेशनमध्ये (फाइल लहान करण्यासाठी बारीक तपशील गाळण्यात) मजकुराचा पार चुराडा होतो. २०१० मध्ये अमेरिकेत पकडलेले रशियन हेरही चित्रांत निरोप दडवत असत, ते निरोप तपास अधिकाऱ्यांना वाचता येण्यात मात्र कागदावर लिहून ठेवलेल्या २७ अक्षरांच्या पासवर्डचा (एवढ्या खटाटोपानंतर!) मोठा हात होता.