सहा शाली, सहा नारळ

आज आमच्या संरक्षण खात्याच्या ऑफिसात एकाच कार्यक्रमात रिटायर होणाऱ्यांचे सहा निरोप उरकले. सहा शाली, सहा नारळ. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कॅन्टीनची बाकं उचलून आणली. सहाही जणांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली, आपल्या पिढीला सांगायला नको. १ तारखेचा माणूस सरकारी नियमाने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो, म्हणून सगळे ३१ मे. त्यातले चौघं आमच्या खरेदी सेक्शनचे. उरलो तिघं.

आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. अहो, पाऊस कधी येणार ते नक्की सांगता येत नाही, पण माणूस कधी रिटायर होणार हे तो लागतो त्याच दिवशी सर्व्हिस बुकात लिहिलेलं असतं. तीस-पस्तीस वर्षं आधी! तरी आज साहेबांचा प्रश्न: "आता हे कोण बघणार?"

आमच्या सेक्शनचे अण्णा रिटायर झाले तेव्हाही हाच प्रश्न होता. नंतर वर्षभरात गळती रोखणाऱ्या एका रबर सीलची ऑर्डर निघाली. नव्या मुलाने रेकॉर्डमधलं ड्रॉइंग लावून टेंडर काढलं, माल आला आणि इन्स्पेक्शनला सगळा रिजेक्ट. मी अण्णांना फोन लावला. ते सासवडला शेतात वाटाणा तोडत होते. म्हणाले, "अगं, ड्रॉइंगच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, बघ की." बघणार कुठे? स्कॅन फक्त पुढच्या बाजूचा झाला होता.

त्या मुलाची चूक नाही. त्याला शिकवायला मधली फळीच नाही. २००१ मध्ये दिल्लीहून हुकूम आला की थेट भरतीच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी एक तृतीयांशच भरायच्या, त्याही एकूण मंजूर पदांच्या एक टक्क्याच्या आत. २००९ पर्यंत हेच चाललं. तेव्हा जे लागायचे होते ते आज पंचेचाळिशीच्या आसपास असते, अण्णांच्या खुर्चीत बसले असते. ते लागलेच नाहीत. म्हणून आमच्याकडे एक तर साठीचे, नाहीतर पंचविशीचे. वर पद फार दिवस रिकामं राहिलं की रद्दच समजायचं! भरती करायची नाही ती यांनी, आणि पद जायचं आमचं.

हो, पूर्वी काही ठिकाणी माणसं जास्त होती. कबूल. जेम पोर्टलने, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराने, किरकोळ खरेदी सोपी केली, तेही कबूल. पण पोर्टलला पेन्सिल दिसते का?

आपले धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते तेव्हाचा त्यांचा अहवाल पेपरात आला होता. तीन वर्षांतल्या १४४ संरक्षण खरेदी प्रकरणांपैकी वेळेत झाली ती जेमतेम ८ ते १० टक्के. कारणं बरीच असतील. पण वर बसलेले मनुष्यबळाचा हिशेब करताना डोकी मोजतात. काम शिकायला किती वर्षं लागतात ते कोण मोजतं? इंडेंटपासून (म्हणजे मागणीपत्रापासून) इन्स्पेक्शनपर्यंत एक अख्खी ऑर्डर दोन-तीनदा हातून गेल्याशिवाय खरेदीचा माणूस तयार होत नाही.

जाऊ दे. आज अण्णाही आले होते. त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रबराचं झालं ते झालं. पुढच्या वेळी कागद उलटा करून बघत जा." पोरगं लाजलं.

निघताना तोच विचारत होता, "मॅडम, तुमची तारीख कधीची?" माझीही १ जूनच. अजून दोन वर्षं आहेत. सोमवारी त्याला घेऊन जुनं कपाट उघडणार आहे. तीन खण ड्रॉइंगं आहेत, सगळी उलटी करून बघायची.